सरंजामशाही आणि चर्च: मध्ययुगीन युरोपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात सरंजामशाहीचा एक त्रिकोण असतो. टोकाला राजा, त्याखाली मोठे सरदार, त्याखाली घोडा-चिलखत बाळगणारे नाइट, तळाशी शेतकरी. आणि चर्च? ते बाजूला, वेगळ्या चौकटीत. निम्मे प्रश्न त्या चौकटीमुळेच पडतात: बिशप (एका प्रांताच्या चर्चचा प्रमुख) जमीनदार कसा, मठाला स्वार कशाला हवेत, पोप राजाची गादी कशी हलवतो? खालची उत्तरं वाचण्याआधी ती चौकट खोडून टाका. चर्च त्या त्रिकोणाच्या प्रत्येक पायरीवर ठाण मांडून बसलेलं होतं.

सरंजामशाही म्हणजे नेमकं काय?

जमिनीच्या बदल्यात सेवा, आणि त्या सौद्याला शपथेची गाठ. पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन याच्या नातवांनी ८४३ साली व्हर्दनच्या तहाने साम्राज्याच्या तीन वाटण्या केल्या. पुढे उत्तरेकडून व्हायकिंग आणि पूर्वेकडून मग्यार (हंगेरियन) स्वार येत राहिले. राजाची फौज पोचेपर्यंत गाव जळून गेलेलं असे, म्हणून संरक्षण मागायचं ते शेजारच्या गढीवाल्याकडे. गढीवाल्याला स्वार हवे होते, पण त्यांना पगार द्यायला रोकड नव्हती. जमीन मात्र होती. सेवेच्या बदल्यात दिलेल्या या जमिनीला फीफ म्हणत. देणारा धनी, घेणारा त्याचा मांडलिक.

ही व्यवस्था ठळक दिसते ती उत्तर फ्रान्समध्ये, १०६६ नंतरच्या, म्हणजे नॉर्मंडीच्या विल्यमने जिंकल्यानंतरच्या इंग्लंडमध्ये आणि जर्मन मुलखात, साधारण ११व्या ते १३व्या शतकांत. पण दर दोन खोऱ्यांमागे रिवाज बदलत असे.

‘सरंजाम’ हा तर आपला शब्द. मग आपली जहागीर आणि त्यांची फीफ एकच का?

नाही, आणि ‘सरंजामशाही’ या भाषांतराने बरेच जण फसतात. मराठी राज्यात सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला गावांचा महसूल. तो देणारं सरकार असे. युरोपातला करार दोन जिवंत माणसांमधला होता. धनी मेला किंवा मांडलिक मेला की तो संपला, आणि वारसाने पुन्हा गुडघे टेकून नव्याने बांधायचा. वर नजराणाही द्यायचा. हा नजराणा धनी मनाला येईल तसा उकळू लागले, म्हणून १२१५च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या सरदारांनी राजाकडून वदवून घेतलेल्या सनदेत, त्यावर मर्यादा आली: बॅरनच्या (मोठ्या सरदाराच्या) वारसाला १०० पौंड, साध्या नाइटच्या वारसाला जास्तीत जास्त १०० शिलिंग. व्यवहारात मात्र दोन्हीकडे एकदा मिळालेली जमीन कुणी सहसा सोडली नाही. ती खोड सगळीकडची.

‘फ्यूडॅलिझम’ हा शब्दही मध्ययुगातल्या माणसाच्या कानावर कधी पडला नव्हता. तो रुळवला पुढच्या काळातल्या कायदेपंडितांनी. १९७४ मध्ये एलिझाबेथ ब्राउन यांनी आणि १९९४ मध्ये सुझन रेनॉल्ड्स यांनी या शब्दावरच हल्ला चढवला: एवढ्या विस्कळीत वास्तवाला एका साच्यात का कोंबता? आक्षेप रास्त आहे. तरी शब्द टाकून देण्यापेक्षा प्रत्येक वेळी ‘कुठे आणि केव्हा’ हे विचारत तो वापरणं मला जास्त सोयीचं वाटतं.

मांडलिक होण्याचा विधी कसा असे?

याचं उत्तम वर्णन फ्लँडर्समधल्या ब्रुज शहरातून मिळतं. २ मार्च ११२७ रोजी तिथल्या काउंट (प्रांताचा सत्ताधारी सरदार) चार्ल्सचा सेंट डोनेशियनच्या चर्चमध्ये, तो प्रार्थना करत असतानाच, खून झाला. त्याच्या जागी नॉर्मंडीचा विल्यम क्लिटो आला आणि एप्रिलमध्ये एकेक मांडलिक त्याच्यासमोर उभा राहिला. गॅलबर्ट नावाचा ब्रुजचा एक कारकून हे सगळं टिपून ठेवत होता.

काउंट विचारी, पूर्णपणे माझा माणूस व्हायची इच्छा आहे का? समोरचा म्हणे, आहे. मग तो आपले जोडलेले तळवे काउंटच्या तळव्यांत देई आणि दोघं एकमेकांचं चुंबन घेत. त्यानंतर निष्ठेचं वचन, आणि ते वचन संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथेने पक्कं करायचं. शेवटी काउंट हातातल्या छोट्या काठीने जमिनीचा ताबा देई.

यात चर्च कुठे आहे, ते पाहा. करार ऐहिक आहे, जमिनीचा आहे, पण त्याचा साक्षीदार पेटीत ठेवलेलं संताचं हाड आहे. शपथ मोडली तर तो नुसता दगाफटका राहत नाही, पाप होतं. आणि पापाचा निवाडा करणारं न्यायालय चर्चचं. बायू इथल्या प्रसिद्ध भरतकामात इंग्लंडचा पुढे राजा झालेला हॅरल्ड अशाच दोन पेट्यांवर हात ठेवून नॉर्मंडीच्या विल्यमला शपथ देताना दिसतो. इंग्लंडच्या गादीवरचा विल्यमच्या बाजूचा सगळा दावा त्या दोन हातांवर उभा होता.

आणखी एक गोष्ट. जुने ख्रिस्ती लोक हात पसरून प्रार्थना करत. तळवे जोडून गुडघे टेकण्याची रीत या विधीवरून पडली, असं अनेक अभ्यासक मानतात. लॅटिनमध्ये धन्यालाही आणि देवालाही एकच शब्द होता, ‘दोमिनुस’. मराठीतला ‘प्रभू’ जवळपास तेच काम करतो.

मग मांडलिक म्हणजे धन्याचा नोकर का?

नोकर म्हणता येणार नाही. ब्रुजचंच पुढे काय झालं ते सांगतो. विल्यम क्लिटोने शहरांना दिलेली वचनं पाळली नाहीत. वर्ष व्हायच्या आतच लोकांनी त्याला तोंडावर सुनावलं की तू करार मोडलास, आता आम्हीही मोकळे. पुढच्याच उन्हाळ्यात लढाईतल्या जखमेने तो मेला. शपथ दोघांना बांधत होती.

कर्तव्यांची सगळ्यात नेटकी यादीही एका बिशपची आहे. १०२०च्या सुमारास अक्वितेनच्या ड्यूकने शार्त्रचा बिशप फुल्बर्ट याला विचारलं, की माझ्या मांडलिकाने नक्की काय करायचं? बिशपने सहा शब्दांत उत्तर दिलं. मांडलिकाने धन्याच्या जिवाला अपाय करू नये, त्याची गुपितं आणि किल्ले धोक्यात आणू नयेत, त्याच्या अब्रूला आणि मालमत्तेला धक्का लावू नये, सोपं आहे ते अवघड करू नये आणि शक्य आहे ते अशक्य करू नये. पण वाईट न करणं पुरेसं नाही, चांगलंही करावं लागतं, असंही त्याने पुढे लिहिलं. आणि धन्यानेही हेच सगळं मांडलिकाच्या बाबतीत पाळायचं.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी वर्षातून ४० दिवस स्वखर्चाने लढाईला जाणं, बोलावलं की दरबारात हजर राहणं, आणि तीन प्रसंगी पैसे देणं: धनी कैद झाला तर खंडणीसाठी, त्याचा थोरला मुलगा नाइट झाला तर, आणि थोरल्या मुलीच्या पहिल्या लग्नात. चाळिसावा दिवस संपला की वेढा अर्धवट टाकून लोक खुशाल घरी निघत.

एकाच माणसाचे दोन धनी असले आणि ते आपसात भांडले तर?

असं सर्रास व्हायचं, कारण जास्त जमीन हवी तर जास्त धनी करावे लागत. मग उपाय निघाला ‘मुख्य धन्या’चा: बाकीच्यांची सेवा त्याची निष्ठा सांभाळून. तोही गुंता पुरता सुटला नाही. फ्रान्समधल्या शांपेन भागातल्या जॉन ऑफ टूल याचा १३व्या शतकातला करार वाचण्यासारखा आहे. त्याला चार धनी. तो लिहून देतो, की ग्रांप्रेचा काउंट स्वतःच्या भांडणासाठी शांपेनच्या काउंटशी लढला, तर मी जातीने ग्रांप्रेच्या बाजूने लढेन. पण शांपेनकडून मिळालेल्या जमिनीपोटी जे नाइट द्यायचे, ते शांपेनकडे पाठवेन. म्हणजे स्वतः एका फौजेत आणि आपली माणसं समोरच्या फौजेत. कागद मात्र चोख.

राजा तरी सगळ्यांच्या वर होता ना?

कागदावर होता. ‘माझ्या मांडलिकाचा मांडलिक हा माझा मांडलिक नव्हे’ असा फ्रान्समध्ये दंडकच होता. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने हे ओळखलं आणि १०८६ मध्ये सॉल्सबरी इथे महत्त्वाच्या जमीनधारकांकडून, ते कुणाचेही मांडलिक असोत, थेट स्वतःची शपथ वदवून घेतली. पण तोच विल्यम नॉर्मंडीपुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. ही गाठ पुढे त्याच्या वंशजांना भोवली. १२०२ मध्ये फ्रान्सच्या फिलिपने इंग्लंडच्या जॉन राजाला ‘मांडलिक’ म्हणून दरबारात बोलावलं, तो गेला नाही, आणि १२०४ पर्यंत नॉर्मंडी हातची गेली.

याहून गमतीचं उदाहरण ११२४चं. फ्रान्सचा सहावा लुई लढाईला निघताना सेंट डेनिसच्या मठात गेला आणि तिथल्या वेदीवरचा ध्वज त्याने उचलला, कारण व्हेक्सां परगण्यापुरता तो त्या मठाचा मांडलिक होता. राजाच नसतो तर मठापुढे गुडघे टेकले असते, असंही त्याने कबूल केलं. हे लिहून ठेवणारा सुजे हा त्याच मठाचा प्रमुख होता, हेही ध्यानात ठेवा.

चर्चकडे एवढी जमीन आली कुठून?

मरणाच्या भीतीतून, मोठ्या प्रमाणावर. तलवारीवर जगलेल्या माणसाला शेवटी आत्म्याची काळजी लागे. मग एखादं गाव मठाला द्यायचं आणि भिक्षूंनी त्याच्यासाठी कायम प्रार्थना करायची. राजांची गरज वेगळी होती. सरदाराला दिलेली जमीन त्याच्या मुलाकडे जाई. बिशपला औरस वारस नसे, त्यामुळे तो मेला की नवा माणूस नेमायची संधी पुन्हा राजाच्या हाती येई. शिवाय लिहिणं-वाचणं जाणणारे लोक मुख्यतः चर्चमध्येच होते. हिशेब, सनदा, दरबारची पत्रं सगळं त्यांच्या हातून जाई.

विल्यमने करवलेल्या जमिनीच्या १०८६च्या डूम्सडे पाहणीत इंग्लंडमधली सुमारे चौथाई जमीन चर्चकडे दिसते. ही जमीन फुकट नव्हती. पीटरबरोच्या मठावर राजासाठी ६० नाइट पुरवण्याची जबाबदारी होती. जप-तप करणाऱ्या भिक्षूंनी स्वार आणायचे कुठून? त्यांनी मठाची जमीन नाइट लोकांना वाटली, म्हणजे मठाधिपती स्वतःच धनी झाला.

दोन टोप्या घालणाऱ्या अशा माणसांचा नमुना म्हणजे ओडो: विल्यमचा सावत्र भाऊ, बायूचा बिशप आणि केंटचा अर्लही (इंग्लंडमधला मोठा सरदार). १०८२ मध्ये विल्यमने त्याला पकडलं, तेव्हा बिशपला राजा हात लावू शकत नाही असा पेच उभा राहिला. आर्चबिशप लॅनफ्रँकने तोड काढली, की आपण बायूच्या बिशपला कुठे पकडतोय? आपण केंटच्या अर्लला पकडतोय! ओडो पाच वर्षं कैदेत राहिला, दोन्ही टोप्यांसकट.

शेतकरी हा गुलाम होता का?

भूदास, म्हणजे जमिनीला बांधलेला शेतकरी, गुलाम नव्हता, पण मोकळाही नव्हता. त्याला बाजारात उभं करून विकता येत नसे. जमीन विकली की तो जमिनीसकट नव्या धन्याकडे जाई. आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतावर वेठ, सुगीत त्याहून जास्त. मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे. दळण धन्याच्या गिरणीतच, आणि बऱ्याच ठिकाणी भाकरीही त्याच्याच भट्टीत भाजायची.

कुटुंबप्रमुख मेला की इंग्लंडमध्ये घरातलं सगळ्यात चांगलं जनावर धनी नेई. आणि त्याच्या खालोखालचं? ते बऱ्याच गावांत चर्चचा पाद्री नेई, कारण मेलेल्याने आयुष्यात कधीतरी दशमांश कमी दिला असणारच! घरात दोनच बैल असतील तर त्या दिवशी गोठा रिकामा.

दशमांश म्हणजे पिकाचा, कोकरांचा, लोकरीचा दहावा हिस्सा. शार्लमेनने ७७९ मध्ये तो सक्तीचा केला. सुटकेची एक वाट शहराकडे जात होती: अनेक शहरांत वर्ष आणि एक दिवस धन्याच्या हाती न लागता काढला की माणूस मोकळा.

गढीवाल्यापेक्षा मठाचा धनी बरा, असं म्हणतात. खरं आहे का?

कधी कधी. मठ दुष्काळात दाणे वाटत, आजाऱ्याला आसरा देत. पण मठ मरत नसे आणि त्याची दप्तरं जळत नसत. गढीवाला एखादं येणं विसरे. मठाचा कारभारी तीन पिढ्यांपूर्वीचा कागद काढून दाखवी.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सचा मठ होता. गावकऱ्यांनी मठाच्याच गिरणीत दळायचं आणि दळणाचा वाटा द्यायचा, असा दंडक. लोक घरी चोरून जात्यावर दळत. यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली. १३२७ ते १३३६ या काळात मठाधिपती होता रिचर्ड ऑफ वॉलिंगफोर्ड. मोठा गणिती, खगोलशास्त्रज्ञ. ग्रहताऱ्यांच्या गती दाखवणारं यांत्रिक घड्याळ त्याने मठासाठी रचलं. याच विद्वानाने गावातली हातजाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या आपल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारख्या बसवल्या. घरात जातं असणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. त्या घरांची जाती मठाधिपतीच्या पायाखाली गेली.

पन्नास वर्षांनी, इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या १३८१च्या उठावात, विल्यम ग्रिंडकॉबच्या पुढारपणाखाली लोक मठात घुसले. त्यांनी ती फरशी उखडली, तळ्यांचे तुकडे केले आणि रविवारी चर्चमध्ये प्रसादाची भाकर वाटतात तसे ते आपसात वाटून घेतले. मठातल्याच टॉमस वॉल्सिंगहॅम या इतिवृत्तकाराने हे नोंदवलंय, आणि त्याच्या मनात लोकांबद्दल तिरस्काराखेरीज काही नव्हतं. म्हणूनच मला ही नोंद जास्त खरी वाटते. बंडखोरांनी मठाविरुद्धचा राग व्यक्त केला तोही चर्चच्याच विधीतून, कारण दुसरी भाषा त्यांच्यापाशी नव्हती. ग्रिंडकॉब फासावर गेला. बंडाचा धर्मोपदेशक जॉन बॉल यालाही १५ जुलै १३८१ रोजी याच गावात ठार मारण्यात आलं.

गरिबाघरचा मुलगा चर्चमध्ये वर चढू शकत होता का?

हो. हातजाती जप्त करणारा वरचा रिचर्ड हा लोहाराचा मुलगा. वडील वारल्यावर एका मठप्रमुखाने त्याला वाढवलं, ऑक्सफर्डला शिकवलं. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं काम सुरू करणारा बिशप मॉरिस द सुली हाही सामान्य घरातला. तरी हे अपवाद. बहुतेक बिशप सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे असत, आणि भूदासाच्या मुलाला दीक्षा घ्यायची तर आधी धन्याकडून मुक्ती मिळवावी लागे.

चर्चने लढाया थांबवल्या का?

प्रयत्न केला. ९८९ मध्ये शारू इथल्या धर्मसभेने शेतकऱ्यांची किंवा गरिबांची मेंढरं, बैल, गाढवं, गाई, शेळ्या, डुकरं पळवणाऱ्यांना शाप दिला. यादीवरूनच कळतं की रोज काय चाललं असेल. १०२७ मध्ये तुलूज या गावच्या (मोठ्या तुलूझ शहराशी याचा गोंधळ करू नका) सभेने शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत लढाई बंद केली. पुढे बंदी बुधवार संध्याकाळपर्यंत मागे सरकली, त्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ आला. नियम कागदावर कडक झाले तसे मोडलेही गेले. ज्या नाइटला बिशप शपथ घालत होता, तो अनेकदा त्या बिशपचाच पुतण्या असे. १०९५ मध्ये क्लेरमाँला दुसऱ्या अर्बन पोपने घरातली ही शांतता पुन्हा घोषित केली आणि त्याच सभेत तलवारींचं तोंड जेरुसलेमकडे वळवलं, म्हणजे पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली.

कॅनोसाला नेमकं काय घडलं?

प्रश्न साधा होता: बिशपच्या हातात त्याच्या पदाची चिन्हं, अंगठी आणि दंड (काठी), कुणी द्यायची? बिशप आत्म्याचा पालक, म्हणून पोपने. पण बिशपकडे परगणे, किल्ले, स्वार, म्हणून राजाने. जर्मनीचा राजा चौथा हेन्री आपले बिशप आपणच नेमत होता. १०७६च्या जानेवारीत त्याने वर्म्स इथे बिशपांना जमवून सातव्या ग्रेगरी पोपला पायउतार व्हायला सांगितलं. ग्रेगरीने फेब्रुवारीत त्याला धर्मबहिष्कृत केलं आणि सगळ्या प्रजेला त्याच्या शपथेतून मोकळं केलं.

खरा घाव दुसऱ्या अर्ध्यात आहे. सगळं राज्य शपथेच्या धाग्याने विणलेलं, आणि तो धागा तोडायचा अधिकार पोप सांगत होता. सॅक्सनीचे सरदार आधीच संधीची वाट पाहत होते. त्यांनी हेन्रीला बजावलं: वर्षाच्या आत बहिष्कार उठवून आण, नाहीतर तू आमचा राजा नाहीस.

हेन्री भर हिवाळ्यात बायको आणि लहानग्या मुलासह आल्प्स ओलांडून कॅनोसाला पोचला. तिथे तोस्कानाच्या मातिल्डाच्या किल्ल्यात पोप मुक्कामाला होता. १०७७च्या जानेवारीत राजा तीन दिवस अनवाणी, लोकरीच्या साध्या वस्त्रांत दाराशी उभा राहिला. याला राजाची नामुष्की म्हणायची पद्धत आहे. मला ती चाल वाटते. पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा नाकारणं पोपला धर्मगुरू म्हणून शक्यच नव्हतं, आणि क्षमा मिळताच सरदारांच्या हातची सबब गेली. १०८४ मध्ये हेन्री फौजेसह रोममध्ये होता; १०८५ मध्ये ग्रेगरी सालेर्नोला परागंदा अवस्थेत वारला.

तोडगा ११२२ साली वर्म्सला निघाला. अंगठी आणि दंड चर्चने द्यायचे, जमिनीचे अधिकार राजाने राजदंडाने द्यायचे. लॅनफ्रँकने एका माणसाचे केलेले दोन तुकडे आता सगळ्याच बिशपांना लागू झाले.

पोपचा मांडलिक झालेला राजा खरंच होता का?

इंग्लंडचा जॉन. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी स्टीफन लँग्टनला स्वीकारायला त्याने नकार दिला, म्हणून १२०८ पासून सहा वर्षं इंग्लंडमध्ये सार्वजनिक उपासना बंद राहिली. मेलेल्यांना पवित्र भूमीत पुरता येईना. जॉनने चर्चची मालमत्ता जप्त करून उलट पैसा केला. पण फ्रान्सची स्वारी येऊ घातली, तेव्हा १२१३ मध्ये त्याने राज्यच तिसऱ्या इनोसंटच्या चरणी वाहिलं आणि वार्षिक १,००० मार्क खंडणीवर ते फीफ म्हणून परत घेतलं. दोन वर्षांनी सरदारांनी मॅग्ना कार्टा वदवून घेतला, तेव्हा हा सौदा कामाला आला: धनी या नात्याने पोपने ऑगस्ट १२१५ मध्ये ती सनद रद्द केली. मधल्या वाटाघाटींत सरदारांशी बोलणारा माणूस तोच लँग्टन होता.

बायकांना काही अधिकार होते का?

वारस मुलगी फीफची मालकीण होऊ शके. पण तिचं लग्न कुणाशी लावायचं यात धन्याचा हात असे, आणि तो हक्क विकलाही जाई. मठात गेलेल्या उच्चकुलीन स्त्रीला जास्त सत्ता मिळे. क्वेडलिनबुर्गची मठाध्यक्षा एखाद्या राजपुत्रासारखा कारभार पाही, आणि फाँतव्रोच्या मठात पुरुष भिक्षूही मठाध्यक्षेच्या हुकमतीखाली होते.

नवरीवर धन्याचा ‘पहिल्या रात्रीचा हक्क’ असे, हे खरं का?

असा कायदेशीर हक्क असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. लग्नाच्या परवानगीपोटी घेतल्या जाणाऱ्या पैशाभोवती नंतरच्या लेखकांनी ही कथा रचली. अत्याचार होत नसत असं नाही. त्यासाठी कुणाला कायदा लागत नव्हता.

हे सगळं संपलं कधी?

एका तारखेला नाही. १३४७ नंतरच्या महामारीत इतकी माणसं मेली की उरलेल्यांच्या श्रमाला भाव आला आणि पश्चिम युरोपात वेठ सैल पडत गेली. इंग्लंडने लष्करी सेवेचे जमीनहक्क १६६० मध्ये कायद्याने काढून टाकले. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री सरंजामी हक्कांवर घाव घातला आणि त्याच आठवड्यात दशमांशही रद्द केला; दोन्ही एकत्रच जावेत हे ओघाने आलंच. स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारणा मात्र थेट २८ नोव्हेंबर २००४ रोजी संपली. छापण्यात चूक नाही, दोन हजार चारच.

महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी याचा थेट धागा आहे का?

आहे. बिशप कुणी नेमायचा, हा कॅनोसाचा प्रश्न पोर्तुगालने पोपशी करार करून सोडवला. ‘पाद्रोआदो’ या हक्काने पूर्वेकडचे बिशप सुचवण्याचा अधिकार पोर्तुगीज राजाकडे आला, आणि १५३४ मध्ये स्थापन झालेलं गोव्याचं धर्मपीठ त्याखाली होतं. वसई प्रांतात गावंच्या गावं पोर्तुगीज सरदारांना आणि जेझुइटांसारख्या पंथांना ‘फोरो’ नावाच्या वार्षिक पट्टीवर दिली जात. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात तो फोरो अजून आहे.

मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगीजांकडून लग्नाच्या आंदणात मिळालं आणि २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. सनदेची भाषा जुनीच: कंपनीने हे बेट केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच या राजाच्या जहागिरीचा भाग म्हणून धारण करायचं. घोडेस्वारांची सेवा आठ वर्षांपूर्वीच रद्द झाली होती, म्हणून बदल्यात मागितलं फक्त भाडं: वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला.